शेवटचा खांब

वायरमनने मीटरच्या दोन्ही काड्या शेवटच्या खांबावरच्या सॉकेटमध्ये घातल्या. एकशे बासष्ट. काड्या काढून शर्टाला पुसल्या आणि पुन्हा घातल्या. एकशे बासष्टच.

खांबाला लागून काका-काकूंची चाकांवरची खोली उभी होती. आतून टीं टीं ऐकू येत होतं. काकांच्या नाकाला नळी, नळी ऑक्सिजनच्या यंत्राला, आणि यंत्राला निदान एकशे नव्वद व्होल्ट लागत; कमी पडले की ते टीं टीं करी. त्याची बॅटरी सकाळीच संपली होती.

"किती?" काकूंनी दारातून विचारलं.

"चढेल, काकू."

"चढेल काय? किती आहे ते सांग."

त्याने सांगितलं. काकूंनी शाल खांद्यावर ओढली.

"मी फाटकावर जाऊन सिलिंडरवाल्याला परत फोन लावते. इथे रेंज नाही मेली. तू काय ते कर."

पहाटे ट्रान्सफॉर्मरचा वरच्या बाजूचा एक फ्यूज उडाला होता. तीन फेजपैकी एकच धड राहिली, उरलेल्या दोन अर्ध्यावर आल्या. तळावर अशा चाकांवरच्या खोल्यांच्या तीन रांगा, प्रत्येक रांगेला एक फेज, अशी वाटणी त्यानेच कधीकाळी केली होती. सकाळी दोन रांगा कुडकुडत त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यानेच त्यांना काकांच्या रांगेच्या धड फेजवर आणून जोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी एकदम हीटर लावले, तसा त्या एकट्या फेजचा दाब खाली आला. आता ते जोड सोडवायचे तर वीस मिनिटं अख्खा तळ बंद ठेवावा लागणार होता. काकांकडे वीस मिनिटं नव्हती. वीज कंपनीचा माणूस दुपारनंतर येणार होता.

उरलं होतं ते दारोदार हात जोडणं.

"हीटर बंद करू?" काकांच्याच रांगेतल्या पहिल्या दारात एक मिशाळ गृहस्थ म्हणाले. "मग काय, बायकोला मिठी मारून बसू?"

"तेवढी परवानगी आहे, साहेब."

आतून बायको हसली आणि तिनेच बटण बंद केलं. दुसऱ्या दारात 'हो हो' म्हणाले. तो चार पावलं गेला नाही तोच मागे किटली शिट्टी वाजवू लागली. तिसऱ्या दारात लोकरी टोपीतली एक बाई तयारच उभी होती.

"तुम्ही एकटे किती दारांना पुरणार? ही रांग मी सांगत जाते. तुम्ही खालच्या दोन बघा."

"काय सांगाल?"

"हेच की. जे जे चालू असेल ते बंद करा."

"उपकार होतील, ताई," असं म्हणत तो उतारावरून धावत सुटला.

खालच्या दोन्ही रांगा संपवून तो धापा टाकत परतला आणि त्याने काड्या पुन्हा शेवटच्या खांबावर घातल्या. दोनशे तीन.

"चढला," तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं. टीं टीं थांबलं होतं.

सकाळपासून तो पहिल्यांदाच खाली बसला. काकांच्या खोलीच्या पत्र्याला त्याने पाठ टेकली. फाटकाकडून काकू येताना दिसल्या. त्याने दोन बोटं वर केली, दोनशे. काकू जवळजवळ पळतच निघाल्या.

मग त्याला पाठीचा पत्रा जाणवला. यंत्र चालू असलं की हा पत्रा बारीक थरथरत असे. आता तो गार आणि स्तब्ध होता.

तो आत गेला. काका कॉटवर ताठ बसले होते. नाकाला नळी होती. ओठांना पाटीचा निळसर करडा रंग आला होता. यंत्राचा दिवा विझलेला, आणि सॉकेटमधून काढलेला प्लग त्यांनी मांडीवर नीट धरून ठेवला होता.

त्याने तो हिसकावलाच. पहिल्या खेपेला भोकं सापडली नाहीत. दुसऱ्यांदा प्लग बसला आणि यंत्र घरघरू लागलं.

"टोपीवाली... सांगून गेली," काका एकेक शब्द वेगळा काढत म्हणाले. "म्हटलं, आपल्यामुळे... कुणाचं अडायला नको."

वायरमन गुडघ्यांवर तसाच राहिला. धरायची गरज नव्हती, तरी त्याने प्लग सॉकेटात दाबून धरला होता. बाहेर काकूंची पावलं खडीवर वाजली.

"पुरतंय का आता?" काकांनी विचारलं. "सगळ्यांना?"