डाव्या अंगाला

उलथनं चुलीपाशी नव्हतं, फळीवरही नव्हतं. चंद्राबाई सोप्यात आल्या तर ते नातवाच्या हातात. विश्वजीत उलथन्याच्या टोकानं कीबोर्डच्या कळा एकेक उचकटून वाटीत टाकत होता.

"बेंदराच्या पोळ्या उलटायचं उलथनं हाय त्ये. चांगल्या मशिनीचं दात कशापायी पाडाय लागलाईस?"

"दात पाडत न्हाई, आज्जे. जागा बदलतोय."

त्याचा उजवा हात मांडीवर पडून होता. फौजेत असताना त्याची गाडी घाटात उलटली तेव्हापासून त्या हाताची बोटं मिटलेलीच. चंद्राबाई त्या हाताकडे सरळ बघायच्या नाहीत. बघितलं की जीभ लुळी पडायची, आणि तसली सवय त्यांच्या जिभेला नव्हती.

"साताऱ्याच्या वकीलबाई घरबसल्या टायपिंगचं काम देणार हायत," तो म्हणाला. "पर निम्मी अक्षरं पडली उजव्या अंगाला. डावा हात पलीकडं पळून पळून दमतोय. मग क, र, त, ज्यांचं काम सारखं पडतंय ती ह्या बोटांखाली घेतली. ळ आन् ढ ऱ्हाऊ देत तिकडं लांब."

"आन् तू हिकडचं तिकडं केलंस, ते त्या मशिनीला कळतंय व्हय?"

"तिला आतनं सांगून ठेवलंय."

"आन् तिनं ऐकलं? तुझ्या आज्ज्यापरास बरी म्हणायची."

विश्वजीत हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. चंद्राबाईंनी उलथनं पदराला पुसलं आणि वळल्या, पण उंबऱ्यात रेंगाळल्या. कळा बसवून तो काहीतरी लिहून बघत होता. हात जागचा हलत नव्हता, नुसती बोटं चालली होती.

दुपारी बैलांना ओवाळून झालं आणि भावकीची पंगत बसली. चंद्राबाईंच्या घरात ताटाची रीत ठरलेली. चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं. डावा हात ताटाला लावणाऱ्याला त्यांनी भर पंगतीतून उठवलेलं विश्वजीतनं लहानपणी बघितलं होतं. म्हणून तो आल्यापासून माडीवर, भिंतीकडं तोंड करून जेवायचा. त्यांनीही कधी हाक मारली नव्हती.

आजही रेश्मा लेकाचं ताट झाकून माडीवर निघाली.

"ठेव ते खाली," चंद्राबाई सुनेला म्हणाल्या.

दुसरं रिकामं ताट ओढून त्या स्वतः वाढायला बसल्या. भाजी, आमटीची वाटी, गुळवणी, सगळं डाव्या अंगाला. चटणी-लिंबू उजवीकडं.

"आवं आत्या, उलटं वाढलंसा!"

"मला दिसतंय."

"भावकी बसलीया समोर. त्यास्नी काय वाटंल?"

"त्यास्नी मी सांगते की. आतनंबी आन् भायेरनंबी."

ते ताट त्यांनी आपल्या पाटाशेजारी मांडलं आणि माडीकडं तोंड केलं.

"विश्वा, पोळी निवतीया!"

तो खाली आला. ताटाकडं बघत कितीतरी वेळ उभाच राहिला, मग बसला. डावा हात ताटाच्या काठाशी येऊन थांबला. पंगतीत घास अडले.

चंद्राबाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. एकेक मान खाली गेली. मग त्यांनी नातवाच्या उजवीकडचा पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या डावीकडं ठेवला.