घट्ट तेल

महिनाभरात गाडीच्या डिपस्टिकवरचं इंजिनचं तेल वरच्या खुणेवरून मधोमध आलं, म्हणजे अर्धा लिटर गेलं. गाडी चालली होती पावणेतीनशे किलोमीटर. आठवड्यातून दोनदा मी बाबांना नंदनवनच्या घरून धंतोलीत डायलिसिसला नेते, आणि मध्ये एकदा नरखेडला जाऊन आले होते.

गाडी नरखेडचीच, दुर्गेशदादाची. तो माझा मावसभाऊ, तिथे संत्र्याची बाग पाहतो. त्याच बागेतल्या कच्च्या रस्त्यावर, त्याच गाडीत, त्यानं मला चालवायला शिकवलं. बाबांचं डायलिसिस सुरू झालं आणि मी जुनी गाडी शोधू लागले, तेव्हा तो म्हणाला, घरची गाडी घरातच राहू दे, आणि ती मला विकली. एक लाख चौतीस हजार किलोमीटर झाले होते, पण इंजिन शांत होतं.

आता ते सिग्नलला उभं असताना थरथरायचं. सकाळी सुरू करताना मागून निळसर धूर निघायचा. एका शुक्रवारी मेडिकल चौकात गाडी बंदच पडली. बाबा माझ्या खांद्याला धरून ऑटोपर्यंत चालले, दोनदा थांबले. अर्धा तास उशीर झाला. त्या दिवशी ठरवलं की तेल जातं कुठे हे शोधायचंच.

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर एकही डाग नव्हता. म्हणजे तेल गळत नव्हतं, जळत होतं. मग आमच्या गल्लीतल्या कवडूभाऊंच्या गॅरेजात चारही स्पार्क प्लग काढले. तीन कोरडे होते आणि तिसऱ्या सिलिंडरचा तेलानं ओला, काळा. मग प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. तीन ठिकाणी एकशे साठच्या आसपास आणि तिसऱ्यात पंच्याण्णव. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला, तर एकशे चाळीस. तेलानं फट बुजते आणि दाब वाढतो, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या.

"ताई, तुम्ही तं गाडीची परीक्षाच घेऊन राहिल्या," कवडूभाऊ म्हणाले.

मला एकच गोष्ट जुळत नव्हती. रिंगा महिन्याभरात झिजत नाहीत. मग दादाकडून आणली तेव्हा धूर का नव्हता?

गाडी आणल्यावर थोड्याच दिवसांत कवडूभाऊंनी तेल बदललं होतं, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. काहीही फेकण्याआधी त्याचा नमुना ठेवायची सवय आहे. काढलेल्या तेलाची बाटली, तारखेची चिठ्ठी लावलेली, माळ्यावर होती. एकाच नरसाळ्यातून दोन्ही तेलं सोडली, शंभर-शंभर मिलिलिटर. नवं एकोणीस सेकंदांत उतरलं आणि जुनं एकाहत्तर. तीनदा मोजलं, फरक तेवढाच.

कवडूभाऊंनी जुनं तेल बोटांवर चोळलं. "हे तं ट्रॅक्टरचं तेल हाय. वरून घट्ट करायची दवाई टाकली. गाडी विकायच्या आधी टाकतात लोक, धूर दबते."

तेव्हा मला मागच्या उन्हाळ्यातलं जेवण आठवलं. बागेत, झाडाखाली. मी ताटात मध आणि पाणी ओतून दाखवत होते की दाट द्रव बारीक फटीतून सहज शिरत नाही, म्हणून झिजलेल्या इंजिनात घट्ट तेल घातलं की काही दिवस धूर दिसत नाही. बाकी सगळे जेवत होते. फक्त दादानं मान वर करून विचारलं होतं, असं किती दिवस दबते वं मयुरा? मी म्हटलं होतं, कोणी तेल बदलेपर्यंत. आमच्या घरात माझ्या विषयातला प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. पुढचे कित्येक दिवस मी त्याच आनंदात होते.

रविवारी दादा संत्र्याची थैली घेऊन बाबांना भेटायला आला. मी त्याला गच्चीवर नेलं. कठड्यावर नरसाळं आणि दोन बाटल्या मांडल्या होत्या. नवं तेल ओतलं, मग जुनं. जुन्याचे पंधरा सेकंदही झाले नसतील, त्यानं नजर वळवली.

"तेल बदलवलं काहून तू?" तो म्हणाला. "वर्षभर तं चालली असती."

"बाबांले न्यायले पाहिजे, हे तुले माहीत होतं नं?"

"होतं."

"मग मलेच काहून विकली?"

त्यानं जुन्या तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. "बाहेरचा दारात येऊन भांडला असता," तो म्हणाला. "तू भांडणार नव्हती."

खालून बाबांनी हाक मारली, दुर्गेश, चहा निवला गा. तो उतरला. जिन्यातून त्यांच्या हसण्याचे आवाज येत होते. बाबांना मी काही सांगितलं नाही. नरसाळं साबणानं धुऊन उन्हात पालथं घातलं.

रिंगांचं काम होईपर्यंत गाडी कवडूभाऊंकडे राहणार होती. मंगळवारी सकाळी बाबांना डायलिसिसला न्यायला दादा स्वतःची नवी गाडी घेऊन दारात हजर. बाबांना पुढच्या सीटवर बसायला आवडतं, ते काठी टेकत गाडीच्या दारापर्यंत पोचलेही.

"थांबा बाबा," मी म्हटलं. "दादा, बॉनेट उघड."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उघडलं. मी डिपस्टिक काढली. तेल अगदी वरच्या खुणेवर होतं, रंगही स्वच्छ. मी ती कापडानं पुसली आणि पुन्हा बुडवून पाहिली.