लिफ्टवाल्या काकांचं पान

संगणकाच्या पडद्यावर फक्त मथळाच ठळक व्हायला हवा होता. पण त्याखालचा पत्ता, कामाच्या वेळा, फोन नंबर, सगळं पान तळापर्यंत ठळक झालं होतं. मुलीने खुर्चीमागून वाकून पाहिलं आणि ती हसली.

"बाबा, ठळक करायचा टॅग उघडलात, बंद केलाच नाहीत. कालही इथेच अडलं होतं की."

काकांनी मान डोलावली. काल काय अडलं होतं ते त्यांना आठवेना.

त्यांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. कंपनीने जुनी माणसं कमी केली तेव्हा ओळखीच्या इमारती धरून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. लहानथोर सगळे त्यांना लिफ्टवाले काकाच म्हणत. मुलगी घरून लोकांच्या वेबसाइट करून द्यायची. तयार साच्यात तुमचंही पान बसवून देते, असं ती म्हणाली, पण काकांना ते पटलं नाही. झाकण उघडून आतल्या तारा पाहिल्याशिवाय त्यांनी कुठल्याच यंत्रावर भरवसा ठेवला नव्हता. शेवटी तिने त्यांना कोरी फाईल उघडून दिली, आणि काका एका बोटाने एकेक टॅग, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत ते संगणकाला सांगणारी खूण, लिहू लागले. अक्षरांचा रंग बदलला की काकूंना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवायचे. उतारवयात यांना शेंडेफळ झालंय, दिवसभर त्याचंच कौतुक, असं काकू शेजारणींना सांगायच्या.

चुका पहिल्यापासून होत्याच. हळूहळू त्या कमी होत गेल्या, आणि मग पुन्हा वाढू लागल्या. मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवशिका माणूस म्हटला की दोन पावलं पुढे, एक मागे चालायचंच.

एका सकाळी काकांनी फाईल उघडली तर त्यात एक नवा परिच्छेद होता. आपण या धंद्यात कसे आलो, पहिली लिफ्ट कुठे बसवली, असं छान लिहिलेलं. हे पोरीने कधी लिहिलं, असं त्यांनी काकूंना विचारलं. काकू चकित झाल्या. तुम्हीच तर काल जेवताना वाचून दाखवलंत, त्या म्हणाल्या. काकांनी "हो, हो, खरंच," म्हणून विषय बदलला. त्यानंतर ते घरात कमी बोलू लागले. बोलण्यात कुठे काय निसटेल याचा नेम नव्हता.

असंच एके दिवशी ते एका रहिवासी इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून दुपारी घरी आले, हातपाय धुऊन पानापुढे बसले. फोन नंबरच्या ओळीतला टॅग पुन्हा उघडाच राहिल्याचं मुलीने दाखवलं. काकांनी तो बंद केला, आणि त्यांचा हात तिथेच थबकला.

दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून दाराला एक स्विच असतो. तपासणीपुरता तो तारेच्या तुकड्याने जोडून निकामी करतात, आणि निघताना तो तुकडा काढून घेतात. काकांना पॅनेलचं झाकण लावलेलं आठवत होतं, मशीनच्या खोलीला कुलूप घातलेलं आठवत होतं. तार काढलेली आठवत नव्हती. त्यांनी हत्यारांची पिशवी जमिनीवर उपडी केली. तार त्यात नव्हती.

एक काम राहिलंय, एवढंच म्हणून ते उठले. त्यांचा चेहरा बघून मुलीने काही न विचारता स्कूटरची किल्ली घेतली.

इमारतीचा चौकीदार त्यांना पाहून खूश झाला.

"काका, आज कमाल केलीत. लिफ्ट अशी पळतेय, दार लागायचीसुद्धा वाट बघत नाही."

कुणाला काही झालं का, असं काकांनी विचारलं. तसं काही नाही, चौकीदार म्हणाला. एका बाईंची पिशवी तेवढी दारात अडकून फाटली, बाईंनी वेळेवर हात काढला. काकांनी आधी मुख्य स्विच बंद केला. मुलीला घेऊन जिने चढून वर गेले, झाकण उघडलं. तार तिथेच होती. ती काढून त्यांनी मुठीत धरली, पण त्यांचा आता स्वतःवर भरवसा बसेना. दाराचा स्विच तपासून पाहा, असं त्यांना मुलीला सांगावं लागलं.

खाली येऊन त्यांनी चौकीदाराला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना काय घडलं ते सरळ सांगितलं. मग कंपनीतल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. अलीकडे मी हात लावलेली प्रत्येक लिफ्ट तू उघडून बघ, तोवर सगळ्या बंद ठेवायला सांगतो, असं त्याला म्हणाले. फोन ठेवून ते जिन्याच्या पायरीवर बसले. मुलगी शेजारी बसली.

"पानावरच्या चुका नवशिक्याच्या नव्हत्या, बाळा," ते म्हणाले. "मला बरेच दिवस कळत होतं. तू हसायचीस ना, मग मलाही वाटायचं, असेल तसंच."

तिने त्यांचा हात हातात घेतला.

पुढे दवाखान्यात काकांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर समोर बसलेल्या काकांना सोडून मुलीशीच बोलले. विसरण्याचं हे दुखणं हळूहळू वाढणार होतं. काकांनी सगळं ऐकलं आणि घरी येऊन पान पुरं करायला घेतलं. स्वतःचं नाव काढून वर जोडीदाराचं नाव घातलं, खाली त्याचा नंबर. नंबरचे आकडे त्यांनी मुद्दाम मोठे केले. मुलगी शेजारी बसून बघत राहिली. काही चुकलं तरी ती आता हसत नव्हती.

लोक मात्र सवयीने जुन्याच नंबरवर फोन करत. एकदा संध्याकाळी असाच एक फोन आला. लिफ्ट अडकली होती, लिफ्टवाले काका हवे होते.

"काका आता काम करत नाहीत," काका म्हणाले. "दुसरा नंबर देतो, घ्या लिहून." पडद्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला. पलीकडच्या माणसाने आभार मानले आणि आपण कोण बोलताय, असं विचारलं.

काकांचं बोट पडद्यावर वर सरकलं; तिथे जोडीदाराचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. काकूंनी भाजी चिरता चिरता वर पाहिलं.

"मी," ते म्हणाले, "हे पान लिहिलंय मी."