वसंताच्या होळीवरची पायपेटी

मित्रांनो, सिक्स्टेनला कुठं बसावं हे कधी कळलंच नाही. राजगीत चालू असतं, सगळं गाव उभं असतं आणि हा माझ्या झाकणावर बूड टेकून पाय हलवत बसतो. म्हणे गावमंडळाचा अध्यक्ष!

मी एक जुनी पायपेटी आहे. स्मोलांड प्रांतातल्या एका सुतारानं मला पाइनच्या लाकडातून घडवलं, पोटात कातडी भाता बसवला आणि पितळेचे सूर. शाळा मी पाहिली ती दाराबाहेरून. पण राजगीत मला पाठ आहे. लुंडच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते एका हिवाळ्यात नव्या राजासाठी पहिल्यांदा म्हटलं, असं म्हातारे सांगत. पुढे राजे बदलले, गाणं तेच राहिलं. ते लागलं की उठायचं, टोपी काढायची आणि संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग चार वेळा जयजयकार.

बसायचा मान एकट्या एवर्टचा. तो मला वाजवायचा. माझ्या फळ्या पायांनी दाबायच्या तर बसावंच लागे. "एवर्ट, पेटी बोलते रे तुझी!" असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

एवर्ट वारला. सिक्स्टेननं गावाच्या हॉलच्या भिंतीवर स्पीकर लावला. माझ्या अंगावर ओल्या छत्र्या आल्या, कॉफीचे कप आले. उंदरांनी भात्याला भोक पाडलं. श्वासच उरला नाही.

राजाचा वाढदिवस एप्रिलच्या अखेरीस येतो आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे थंडी जाळायला होळी पेटते. यंदा सिक्स्टेन म्हणाला, "ही म्हातारीपण चढवा वर."

"अरे, एवर्टची आहे ती," एवर्टची बायको हिल्डूर म्हणाली.

"मग काय काकू, एवर्ट येणारेय वाजवायला?"

लोक हसले.

लाकडांच्या राशीवर मी वाकडीतिकडी बसले होते. सिक्स्टेन मशाल घेऊन पुढे आला. तेवढ्यात माझ्या फळ्यांवर वजन पडलं. गार, ओलं वजन. फाटका भाता भरला. भोकातून वारा गेलाच नाही. आणि राजगीत सुरू झालं.

टोप्या उतरल्या. विचार कुणी केला नाही. अंगातच मुरलेलं ते. सिक्स्टेनसुद्धा मशाल धरून ताठ झाला.

"स्पीकर आणलास होय रे?" शेजारचा ब्रोर पुटपुटला.

"स्पीकर हॉलमध्येच आहे," सिक्स्टेन म्हणाला.

एक दाब लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. हिल्डूर पांढरीफटक पडली.

"डावा पाय आखूड होता त्याचा," ती म्हणाली. मग राशीकडे पाहून हळूच, "एवर्ट, पुरे ना रे. गारठ्यात नको बसूस."

गाणं संपलं. जयजयकाराला तोंडं उघडायच्या आत ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग पुन्हा. होळी पेटवावी तर राजगीत चालू, पळावं तरी राजगीत चालू. मशाल जळत जळत सिक्स्टेनच्या मुठीपाशी आली. पाय मात्र हलत नव्हते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकताना तिच्यावर अजून कुणाचे हातपाय आहेत का, तेवढं बघत जा. दुसरं मागणं नाही.

जन्मात मी सुरांखेरीज काही बोलले नव्हते. त्या संध्याकाळी बोलले, गावादेखत, पितळी आवाजात:

"सिक्स्टेन, मशाल टाक चिखलात. एवढं हलायची मुभा देते. बाकी एवर्ट दमेपर्यंत तू उभाच राहायचं. आणि बाबा रे, मेलेलं माणूस दमत नसतं."