उसनी जीभ

“गिळू नका लगेच, कप्तान. जिभेवर फिरवा आधी,” पळीबाई म्हणाली आणि वाफाळत्या पातेल्यापासून एक पाऊल मागे सरली.

कप्तानने डोळे मिटले. तोंडातला मटणाचा रस्सा या गालातून त्या गालात नेला, भुवया वर चढवल्या, खाली उतरवल्या, छताकडे तोंड करून काहीतरी आठवल्यासारखं केलं. समुद्राची खोली मोजायलासुद्धा कुणाला इतका वेळ लागला नसता.

“बोला की आता! आटेल तोवर सगळं.”

“चिमूटभर,” कप्तानने एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. “छे, अर्धी चिमूट. अर्ध्या चिमटीला कमी आहे.”

“मलाही तसंच वाटत होतं,” असं म्हणून पळीबाईने मीठ टाकलं आणि पातेलं ढवळायला घेतलं.

आता, ज्या बाईच्या हातच्या रश्श्यासाठी माणसं मरण पुढे ढकलायची, ती बाई स्वतःच्या पातेल्यातला थेंबही तोंडात का घेत नव्हती, हे सांगायला हवं. मरण पुढे ढकलायची हे मी उगाच म्हणत नाही. ती स्वयंपाक करायची त्या वृद्धांच्या निवासात वरच्या मजल्यावर एका आजोबांची शेवटची प्रार्थना म्हणून झाली होती. चादर तोंडावर ओढायची तेवढी राहिली होती. इतक्यात खालून रश्श्याचा वास जिना चढून वर गेला, आणि आजोबांनी वाटी मागितली. पुढे प्रार्थना म्हणणारे पाळकच निवृत्त होऊन गेले, आणि त्यांच्या निरोपाचं भाषण याच आजोबांनी केलं. हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पहिल्यांदा सांगताना पटलं नव्हतं.

पळीबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा होता, तो खाण्याचा शौकीन. त्याचे लाड करायची तिची एकच रीत होती. नळीचं हाड त्याला, चरबीचा तुकडा त्याला, तळाशी साचलेला दाट रस्सा त्याला. एका दुपारी तो असाच जेवत असताना ताटावर वाकला तो वाकलाच. तिला वाटलं, हाड सोलतोय. ती पोळी वाढायला उठली, तेव्हा कळलं.

त्यानंतर काही वर्षांनी निवासाच्या चुलीपुढे तीच कोसळली. डॉक्टरांनी तिच्या रक्तवाहिन्यांचं चित्र पडद्यावर दाखवलं. जुन्या मोरीच्या नळासारखं दिसत होतं. इस्पितळात शेजारच्या खाटेवरची म्हातारी आपलं बायबल मोठ्याने वाचायची, आणि बहिरी असल्यामुळे फारच मोठ्याने वाचायची. त्यात दानीएलाची हकिकत आली. राजाच्या पंगतीतलं मांस आणि मद्य नाकारून तो आणि त्याचे सोबती भाजीपाला खाऊन, पाणी पिऊन राहिले, आणि राजाच्या ताटात जेवणाऱ्या पोरांपेक्षा टवटवीत दिसायला लागले. पळीबाईने ती हकिकत लहानपणापासून ऐकली होती. पण तेव्हा ती दानीएलाची होती. या खेपेला ती तिची झाली.

“देवा,” ती त्या रात्री उशीत तोंड खुपसून म्हणाली, “तू पहिली बाग केलीस तेव्हा जेवायला बी दिलंस, फळ दिलंस, पाला दिलास. सुरी नव्हती दिलीस. मला उठव. मी त्या बागेतलंच जेवीन.”

देवाने उठवलं. पायांची सूज उतरली, जिना एका दमात चढता यायला लागला, डॉक्टरांनी तिचे आकडे बघून आपला चष्मा पुसला. हे शरीर म्हणजे आपल्याला राहायला दिलेलं घर आहे, मालकाला नीट झाडून-पुसून परत द्यायचं, असं ती म्हणायची. घर झाडून झालं होतं. त्यात कुणी येत-जात नव्हतं, एवढंच.

घोळ झाला तो कामावर. नोकरी मटण शिजवायची, आणि नवस न खाण्याचा. व्यवस्थापिकाबाईंनी तिला समजावून बघितलं.

“चाखण्याला काय जेवण म्हणतात का? थेंबभर तर प्रश्न आहे.”

“दानीएलाने थेंबभर चाखलं असतं तर राजाला कळलंसुद्धा नसतं, मॅडम.”

“मग?”

“मग काय! राजासाठी थोडंच सोडलं होतं त्याने.”

“अहो, पण त्या बागेतलं पहिलं पाप फळ खाऊनच झालं की नाही? मटण खाऊन तर नाही झालं!”

यावर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या, आणि पळीबाईही हसली. पण चाखायला तयार झाली नाही.

मीठ मोजून टाकायची सोय नव्हती. खाटीक कधी ताजं मटण पाठवायचा, कधी मिठात खारवलेलं. खारवलेलं रात्रभर पाण्यात ठेवलं तरी एक तुकडा अळणी निघायचा आणि दुसरा खारट. जिभेशिवाय इलाज नव्हता, आणि जीभ उसनी घ्यावी लागणार होती. आधी एका आजींना विचारलं. त्यांना प्रत्येक रस्सा आपल्या माहेरच्या रश्श्यापेक्षा वाईट लागायचा. मग एका मास्तरांना विचारलं. ते मिठाऐवजी मिठावर व्याख्यान द्यायचे. शेवटी कप्तान आपणहून आला.

कप्तान कसला कप्तान! नदीपलीकडे माणसं नेणाऱ्या नावेवर तो तिकिटं फाडायचा. पण निवासात आल्यापासून ती नाव दर महिन्याला वाढत गेली आणि एव्हाना तिला तीन धुरांडी होती. पहाटेच जाग यायची म्हणून तो खाली यायचा, थेंब चाखायचा, आणि भाजीच्या करंडीवर बसून बोलत राहायचा.

“एकदा आमच्याकडे बटाटा आला, बाई. एवढा मोठा, की नांगर म्हणून टाकला. तीन महिने जहाज जागचं हललं नाही.”

“मग?”

“मग त्याला कोंब फुटले. समुद्राच्या तळाशी हे एवढं शेत!”

“आणि खणलं कुणी?”

“माशांनी. कामाला मासा फार प्रामाणिक.”

पळीबाई पदराने डोळे पुसत हसायची. दुपारी मात्र हसायला कुणी नसायचं. स्वयंपाकघरातल्या बायका एका टेबलाशी बसून मोठ्या पातेल्यातलं जेवायच्या. पूर्वी तिची खुर्ची मधोमध असायची. आता ती आपली वाटीभर डाळ आणि उकडलेली भाजी घेऊन आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, “आज कुठल्या कुरणात चरून आलात, बाई?” त्यात वाईट हेतू नव्हता. पण चेष्टा एकच असली आणि रोज असली, की ती ऐकायला बसावंसं वाटत नाही. हळूहळू ती खिडकीपाशी उभ्यानेच जेवायला लागली. खुर्चीवर कुणीतरी पिशव्या ठेवायला लागलं.

विश्वस्त जेवायला येणार होते, त्या दिवशी खाटकाकडून खारवलेलं मटण आलं. पळीबाईचं नाक चोंदलेलं होतं, डोळे सुजलेले होते. पळीतून थेंब काढून तिने कप्तानपुढे धरला.

कप्तानने नेहमीसारखं सगळं केलं. गाल, भुवया, छत. मग तिच्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

“कमी आहे,” तो हळूच म्हणाला. “बरंच कमी आहे, बाई.”

“बरंच? खारवलेलं आहे हो.”

“बरंच.”

तिने मूठ भरून मीठ टाकलं.

दुपारी मुख्य विश्वस्तांनी एक चमचा तोंडात घातला आणि पाणी मागितलं. मग शेजारच्यांनी मागितलं. मग पाण्याचा जग जेवणाच्या दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लागला. माहेरच्या रश्श्याच्या त्या आजी मोठ्याने म्हणाल्या, “कप्तानने समुद्र आणलाय वाटतं सोबत!” सगळे हसले. व्यवस्थापिकाबाई हसल्या नाहीत.

पाहुणे गेल्यावर त्यांनी पळीबाईला बोलावून घेतलं.

“मी तुमच्या श्रद्धेच्या आड आले का कधी? नाही ना? पण हे असं चालायचं नाही. उद्यापासून स्वतः चाखा, नाहीतर पळी खाली ठेवा. एक काहीतरी करा.”

“बिनमटणाचं करू का, मॅडम? वाटाणे, घेवडा, बार्ली...”

“या म्हाताऱ्यांना दिवसभरात तोच एक आनंद असतो, बाई. तो मी कसा काढून घेऊ?” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “पाळकसाहेबांना विचारून बघा. थेंबाने नवस मोडत नाही म्हणतील.”

“विचारलं. नाही मोडत, म्हणाले.”

“मग झालं तर!”

“नवस त्यांनी कुठे केलाय? मी केलाय.”

तिथून ती सरळ जिना चढून कप्तानच्या खोलीत गेली. तो पलंगाच्या कडेला बूट घालून बसला होता. कुणी बाहेर काढायच्या आधीच तयार राहिलेलं बरं, असा त्याचा एकंदर अवतार होता.

“रस्सा खारट झाला होता,” ती दारातूनच म्हणाली.

“ऐकलं मी.”

“ऐकलंत? लोकांनी एका चमच्यावर पाण्याचे जग रिकामे केले आणि तुम्ही दोन वाट्या जेवलात, कप्तान! मी बघितलं. वाटी पुसून खाल्लीत.”

“त्याचं काय आहे, बाई, आमच्या जहाजावर एकदा गोडं पाणी संपलं, तेव्हा...”

“कप्तान.”

जहाज जागच्या जागी थांबलं. कप्तानने बुटांच्या टोकांकडे बघितलं.

“मागे एकदा मोठा ताप आला, त्यानंतर गेली चव,” तो म्हणाला. “साखर घ्या, राख घ्या, मला सगळा ओला कागद.”

“मग रोज सकाळी मला काय सांगत होतात?”

“तुमचा चेहरा बघून सांगत होतो. तुम्हाला नुसत्या वासानेच कळतं सगळं, फक्त भरवसा नाही स्वतःवर. कपाळाला आठी असली की कमी. ओठ मिटलेले असले की पुरे. एवढे दिवस चुकलो का एकदा तरी?”

“आणि आज?”

कप्तानने वर बघितलं. थाप मारताना तो नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा. खरं बोलताना कुठे बघायचं, याची त्याला सवय नव्हती. त्याने भिंतीकडे बघितलं.

“आज तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी कमी होतं, बाई. फारच कमी होतं. मला वाटलं, मीठ.”

पळीबाई खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसली. खाली कुणीतरी पातेलं घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“आजच्याच दिवशी गेले ते,” ती म्हणाली. “जेवता जेवता. मीच वाढलेलं होतं.”

कप्तानकडे या विषयावरची एकही थाप नव्हती.

“चव नाही, हे आधीच का नाही सांगितलंत?” तिने विचारलं.

“सांगितलं असतं तर स्वयंपाकघरात बसू दिलं असतंत?”

तिने खरं तेच सांगितलं. “नसतं दिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पळी धुतली, पुसली आणि व्यवस्थापिकाबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. मग भांडी घासणाऱ्या बायकांमधल्या एकीला चूल दिली, आणि पळीबाईला खिडकीखालचा भाजी चिरायचा पाट. आता तिला पळीबाई तरी का म्हणायचं, असा प्रश्न होता. पण दुसरं नाव सुचवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

नव्या बाईने पातेल्यात बोट बुडवलं, चोखलं, मीठ टाकलं, पुन्हा चोखलं. पळीबाई गाजरं चिरत राहिली. वास यायला लागला. तिला वाटलं होतं तितका तो वाईट नव्हता. बराच चांगला होता. तेच तिला जास्त लागलं.

दुपारी ती आपली वाटी घेऊन दालनाच्या टोकाच्या टेबलाशी जाऊन बसली. खिडकीपाशी उभं राहण्यात आता अर्थ नव्हता. तिथे तिचंच काम पसरलेलं होतं. नव्या पातेल्याभोवती रांग लागली. आजी म्हणाल्या, माहेरच्या रश्श्याच्या जवळपास जातोय. मोठीच पावती होती ती. पळीबाईने मान खाली घालून प्रार्थना केली. पूर्वी तिची प्रार्थना नवऱ्याला लांब वाटायची. तो चमचा धरून ताटकळत बसायचा. आता ताटकळणारं कुणी नव्हतं, तरी तिने ती आटोपती घेतली.

तिने डोळे उघडले तर समोरची खुर्ची ओढली जात होती. कप्तान बसला. त्याच्या वाटीत घेवडा, गाजर आणि डाळ होती. तिच्याच छोट्या पातेल्यातून घेतलेली, न विचारता.

“हे काय? तिकडे मटण आहे की.”

“मला काय, बाई! ओला कागद कुठल्याही रंगाचा चालतो.”

“उगाच माझ्यासाठी नको.”

“तुमच्यासाठी कशाला? तिकडे रांग आहे.”

त्याने एक घास घेतला आणि चावायला लागला. आज ना भुवया हलल्या, ना गाल फुगले. नुसतं एक म्हातारं तोंड, दात कमी असलेलं, आपलं काम करत होतं. दालनात हशा उठला, जग आपटला, कुणीतरी आणखी रस्सा मागितला. या टेबलाकडे कुणी बघत नव्हतं.

पळीबाईने आपल्या वाटीतली तीच भाजी चमच्यावर घेतली आणि तोंडात घातली.

“घेवडा आहे हा,” ती हळू आवाजात म्हणाली. “कोवळा. आधी जरा गवतासारखा लागतो. मग मागून गोडी येते.”

कप्तान चावायचा थांबला. मग पुन्हा चावायला लागला, जरा सावकाश.

“आणि हे?”

“गाजर. आज थोडं मातकट आहे. पण वाईट नाही. मातीचा वास असतो ना, तसं.”

“आणि डाळ?”

“डाळ मऊ आहे. ऊब आहे तिला. पार पोटापर्यंत जाते.”

ती एकेक घास घेऊन सांगत गेली, आणि तो तिच्या मागोमाग, न बोलता, एकेक घास खात गेला.