सहाशे वीस ग्रॅमची साक्ष

मी वजनकाटा बोलतोय. दोन पारडी झुलवणारा जुना काटा नव्हे. सपाट स्टीलच्या पाठीचा, पुढच्या काचेवर आकडे दाखवणारा. आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावानं मी संशयी आहे.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी माझ्यावर वजनं ठेवून मला तीनदा तपासलं. जन्मल्याबरोबर ज्याच्यावर तीनदा शंका घेतली, त्याच्याकडून तुम्ही दुसरी काय अपेक्षा करणार!

माझी पहिली नोकरी हार्डवेअरच्या दुकानात. खिळे, स्क्रू, साखळ्या. माझ्याकडे बघताना माणसं वाकायची, ती काही प्रेमानं नाही. एकदा एक सुतार खिळे घेत होता. तो म्हणाला, "मालक, तेवढी करंगळी उचला. ती मला विकत नाही घ्यायची." मालकानं हसत हसत करंगळी उचलली आणि माझा आकडा झरकन खाली आला. त्या दिवसापासून मी माल नंतर बघतो, बोटं आधी.

दुकान बंद झालं आणि मी एका घरातल्या मागच्या खोलीत आलो. लोखंडी टेबल, खिडकीखाली खोक्यांची चळत, दाराला टांगलेली कात्री. इथं दोन जावा मिळून धंदा करायच्या. थोरली तारेच्या सांगाड्यावर कापड ताणून दिव्यांच्या शेड बनवायची. कमी बोलणारी, शिवण सरळ आली नाही तर सगळं उसवणारी बाई. धाकटी शेडचे फोटो काढून फोनवर विकायला ठेवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, खोकी भरायची आणि कुरिअरला नेऊन द्यायची.

"जाऊबाई, चारशेला ठेवू?" धाकटीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"ठेव. कुरिअरचं काय लावायचं ते तुझं तू बघ. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस धाकटी बाजारात गेली आणि फोन टेबलावरच विसरली. फोन वाजला. थोरलीनं उचलून बघितलं, तर एका गिऱ्हाइकानं अभिप्राय लिहिला होता. लिहिणारी कुणी निवृत्त मास्तरीणबाई होती. थोरलीनं तो मोठ्यानं वाचला, म्हणून मलाही ऐकू आला.

"शेड सुरेख आहे. पण चारशेच्या वस्तूला कुरिअरचे दोनशे दहा? हातात घेतली तर पिसासारखी. मुलांची गणितं तपासण्यात माझा जन्म गेला. हे गणित मला पटत नाही."

थोरलीनं फोन खाली ठेवला. मग तिनं तयार असलेलं एक खोकं उचललं आणि माझ्या पाठीवर ठेवलं. सहाशे वीस ग्रॅम. काढलं, पुन्हा ठेवलं. सहाशे वीस. मी एका ग्रॅमनंही ढळलो नाही. भिंतीवर कुरिअरच्या दरांचा कागद चिकटवलेला होता. एक किलोपर्यंत नव्वद.

मग वरचे एकशे वीस कुठं जातात?

खरं सांगतो, संशय माझ्याही मनात आला. धाकटी पूर्वी प्रत्येक खोकं माझ्यावर ठेवायची. गेले कित्येक महिने मात्र ती खोकी भरायची, चिकटपट्टी लावायची आणि माझ्याकडे न बघताच निघायची. ज्याचं मन साफ आहे, तो काट्याला कशाला टाळेल? त्यात तिच्या खांद्याला नवी पर्स आली होती. थोरलीनंही ती पाहिली होती.

पुढचे आठ दिवस थोरलीनं चोरून वजनं केली. धाकटीची पाठ वळली की खोकं माझ्यावर. आकडा बघायची, ओठ आवळायची आणि खोकं होतं तसं ठेवून द्यायची. मी आपला छाती काढून आकडे दाखवत होतो. साक्षीदाराचा मान काय असतो, ते तेव्हा कळलं.

घरातलं बोलणं आटलं. "झाकण दे." "सुई कुठाय?" एवढंच.

"जाऊबाई, माझं काही चुकलं का?" धाकटीनं एकदा विचारलं.

"काही नाही." थोरलीनं दातानं दोरा तोडला.

नवव्या दिवशी सकाळी तिनं धाकटीच्या देखत खोकं माझ्यावर ठेवलं. "वाच."

"सहाशे वीस."

"आणि भिंतीवरचा कागद काय म्हणतो?"

"नव्वद. पण जाऊबाई, तो कागद—"

"मग दोनशे दहा कशाचे लावतेस? वरचे कुठं जातात? पर्समध्ये?"

धाकटीनं हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. एका काखेत खोकं मारलं, दुसऱ्या काखेत मला, आणि म्हणाली, "चला. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. त्याच्याच तोंडून ऐका."

दोन गल्ल्या ओलांडून आम्ही कुरिअरच्या दुकानात पोचलो. रस्ताभर दोघींमध्ये दोन हातांचं अंतर. दुकानात कपाळावर चष्मा चढवलेला माणूस पावत्या फाडत होता. थोरलीनं मला त्याच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्यावर खोकं. सहाशे वीस. त्यानं तेच खोकं उचलून स्वतःच्या काट्यावर ठेवलं. त्याचाही आकडा सहाशे वीस.

"बघितलंस?" थोरली धाकटीला म्हणाली. मीही मनातल्या मनात तेच म्हणालो.

त्या माणसानं चष्मा नाकावर ओढला आणि खणातून मोजपट्टी काढली. "चोवीस, चोवीस, वीस," तो पुटपुटला. "बाई, वस्तू पिसासारखी असेल हो. पण आमच्या गाडीत ती जागा किती अडवते? लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. झाले दोन किलो तीनशे. काट्याचं आणि या हिशोबाचं, दोन्हींत जे जास्त भरेल, त्याचे पैसे."

"पण आत नुसती हवा आहे," थोरली म्हणाली. "आणि आमच्या भिंतीवरचा तुमचा कागद तर नव्वद म्हणतो."

"मग हवेचं भाडं. तुम्ही भिंतीवर लावलाय तो कागद पाकिटांचा आहे, खोक्यांचा नाही. लांबच्या गावाला दोनशे दहा, जवळच्याला एकशे तीस."

इतकी वर्षं मी समजत होतो, माझा आकडा म्हणजे शेवटचा शब्द. धाकटी मला टाळत होती, कारण माझ्या आकड्याचा तिला काही उपयोगच उरला नव्हता. स्टीलची पाठ असूनही मला घाम फुटल्यासारखं झालं.

थोरली मात्र सहजी सुटणारी नव्हती. "जवळच्याला एकशे तीस? तू तर सरसकट सगळ्यांकडून दोनशे दहा घेतेस."

धाकटीनं मान खाली घातली. "घेते. खोकं, बबल रॅप, चिकटपट्टी, यांचे एका नगामागे पंचवीस पडतात. ते कुठं धरलेत आपण? जवळच्यांचे उरतात, त्यातून ते भागवते. वाटेत शेड चेपली की दुसरी पाठवावी लागते, ते त्यातूनच. मी स्वतःला एक पैसा ठेवला नाही, जाऊबाई."

"पण त्या माणसांना सांगितलंस का, की तुमचे दुसऱ्यासाठी वापरते म्हणून?"

"नाही."

"ती मास्तरीणबाई राहते कुठं?"

"पलीकडच्याच गावात," धाकटी अगदी हळू म्हणाली.

"म्हणजे तिचं गणित बरोबर होतं."

चष्मेवाला पावत्यांत डोकं खुपसून ऐकत नसल्याचं सोंग करत होता.

परतताना मी थोरलीच्या काखेत होतो. वळणावर ती थांबली. "पर्सचं बोलले, ते बोलायला नको होतं."

"मावशीनं दिलीय ती," धाकटी म्हणाली. "तुमच्या पुढ्यातच तर दिली."

थोरलीला आठवलं असावं. तिची काख माझ्याभोवती घट्ट झाली.

त्याच दुपारी धाकटीनं जवळच्या गिऱ्हाइकांची नावं काढली आणि ज्याचे जास्त घेतले होते त्याला ते परत पाठवले. बांधणीचे पंचवीस धरून मास्तरीणबाईंना पंचावन्न गेले. मग फोनवरच्या पानावर स्वच्छ लिहिलं: जवळ इतके, लांब इतके, बांधणीचे पंचवीस. थोरलीनं पंधरा दिवस एकही शेड विकायला दिली नाही. तारेचा सांगाडा मोडत, पुन्हा जोडत बसली. शेवटी तिनं उभ्या काड्या सुट्या केल्या, गिऱ्हाइकानं घरी अडकवायच्या. कापड दोन कड्यांमध्ये चपटं बसू लागलं. खोक्याची उंची वीसवरून पाचावर आली, आणि मोजपट्टीनं मोजा की माझ्यावर ठेवा, वजन किलोच्या आतच.

मास्तरीणबाईंचं उत्तर आलं. "गणित पटलं. आणखी दोन पाठवा. एकाच खोक्यात मावत असतील तर कुरिअरचे एकदाच घ्यावेत." ते वाचून दोघी हसल्या. मला ती बाई फार आवडली.

पण सगळं मिटलं असं समजू नका. त्यानंतर प्रत्येक खोकं बांधण्याआधी धाकटी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, "जाऊबाई, बघून घ्या." आवाज गोड, पण टोचणारा. थोरली हातातलं काम टाकून यायची, आकडा बघायची, परत जायची. महिनोन्‌महिने. ते ओझं मोजायला माझ्याकडे आकडा नव्हता.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या काचेवर मधल्या आकड्याची एक रेघ मेली आहे. आठ उमटला तर सहा दिसतो. तिरकं बघितलं तरच त्या रेघेची पुसट खूण दिसते. लवकरच नवा काटा येईल आणि मी माळ्यावर जाईन. त्याआधी एकच विनवणी. माझा आकडा हातात घेऊन कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका. मला विचारण्याआधी त्या माणसाला विचारा. हे माझ्यासारख्या संशयखोरानं सांगावं, म्हणजे बघा!

आज सकाळचीच गोष्ट. धाकटी माझ्याजवळ बसून खोकी ठेवत होती. थोरली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पत्ते आणि वजनं लिहीत होती.

"चारशे ऐंशी," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे दिसतं साठच, पण ऐंशी आहे. बघून घेता?"

थोरलीनं मान वर केली नाही. चारशे ऐंशी लिहिलं आणि म्हणाली, "पुढचं सांग."