उंबरठ्यापासून हातभर दूर

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. लोणावळ्याला रेल्वेफाटकाच्या पलीकडे एक कौलारू घर आहे, त्याच्या मागच्या पडवीत खांबाला लोंबकळत मी दिवस काढते. माझ्या कड्या गंजून तपकिरी झाल्या आहेत, हात लावला तर बोटांना भुकटी लागते. साखळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चोर तरी येतो नाहीतर मारका बैल. माझ्या वाट्याला दोन्ही आले नाहीत. मी जन्माला आले ती एका कुटुंबाला भाड्याची खोली मिळावी म्हणून. हसू नका, खरंच सांगते.

मानमोडीची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. त्या तापाने पवन मावळात घरंच्या घरं ओस पाडली होती. महिपती नावाचा एक तरुण तेव्हा रेल्वेत सांधेवाला होता, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची झाली की सांधे बदलायचं काम त्याचं. उन्हाळ्यात त्याची मळवलीहून लोणावळ्याला बदली झाली. बरोबर बायको मुक्ताबाई आणि तांबू नावाचा एक तांबडा कुत्रा. हा कुत्रा मुक्ताबाईच्या वडिलांचा. साथीत बारा दिवसांच्या आत तिचे आई, वडील आणि दोघं भाऊ गेले. ती माहेरी पोचली तेव्हा दाराला कडी होती आणि ओट्यावर तांबू उपाशी बसला होता. त्याला ती उचलूनच घेऊन आली. कुणी काही बोललं की तिचं एकच उत्तर असे, "माज्या म्हायेरचं येवडंच उरलंया."

सांधेवाल्याने स्टेशनाजवळ राहायचं, असा साहेबाचा हुकूम होता, आणि रेल्वेच्या खोल्या भरलेल्या. म्हणून तिघं धर्मशाळेत उतरले. तिथे तीन दिवसांच्या वर कुणाला राहू देत नसत. तेवढ्यात खोली मिळाली नाही तर महिपतीने गँगमनच्या झोपडीत अंग टाकायचं आणि मुक्ताबाईने कुत्र्याला घेऊन माहेरच्या त्या ओसाड घरात एकटीने राहायचं, एवढंच उरत होतं. चार माणसांची अंथरुणं जिथे रिकामी झाली, तिथे परत जायला तिचं मन धजेना.

पहिल्या दिवशी बाजारातल्या रतनबाईची खोली बघितली. खोली छान, पण दाराशी वीसेक कोंबड्या. रतनबाई म्हणाली, "मोकळं कुत्रं मी दारात उभं करनार न्हाई." महिपती तडक भिमाजी लोहाराकडे गेला. भिमाजीने मोडक्या छकड्याच्या चाकाची लोखंडी धाव भट्टीत घातली, ठोकून ठोकून तिच्या सळ्या केल्या आणि त्यांच्या कड्या वळवून एकीत एक गुंतवल्या. एका टोकाला मोठी कडी, दुसऱ्या टोकाला कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवायचा आकडा. पाण्यात बुडवल्यावर मी चर्रकन ओरडले आणि भिमाजी म्हणाला, "बैल जरी बांदला तरी तुटायची न्हाई ही." केवढी फुगले होते मी! आता खोली मिळालीच, असं मला वाटलं. अजाण होते, दुसरं काय.

रतनबाईने मला हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत दिलं. "साकळी आज हाय, बाबा. उद्या तुमचं ध्यान नसलं म्हंजी माजी कोंबडी कुटं शोदू?"

दुसऱ्या दिवशी भुशीच्या वाटेवरच्या एका बंगल्यावर गेलो. बंगला मुंबईच्या शेठचा, मागे नोकरांच्या चार खोल्या रिकाम्या. सोपान नावाचा माळी त्यांची राखण करी. त्याने एक खोली उघडून दाखवली तर आत गादी घातलेली छोटी खाट! महिपतीने विचारलं, ही कुणाची? सोपान ओशाळून हसला. "शेटच्या कुत्र्याची. दिवाळीला येतंय. दुसरं कुत्रं हितं ठिवल्यालं शेटला खपायचं न्हाई, भाऊ. तुमी दोघंच आसता तर कवाच हो म्हनलो आसतो." शेठच्या कुत्र्याला खोली होती, पण कुत्रा पाळणाऱ्या सांधेवाल्याला नव्हती. मी लोखंडाची असून मला राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी सात दारं झाली. कुणाच्या घरात लहान मूल, कुणाकडे शेळ्या, एकाने तर नुसता तांबूकडे बोट दाखवून दार लावून घेतलं. शेवटी रस्त्याच्या कडेला बसून महिपती म्हणाला, "मुक्ते, मळवलीत कुनाकडं तरी ठिवू त्याला. चार दिस रडंल, मग इसरंल."

मुक्ताबाई तांबूच्या पाठीवरचा हात न काढता म्हणाली, "मग मलाबी तितंच ठिवा." महिपती उठला आणि पुढच्या दाराकडे चालू लागला. ते दार अनसूयाबाईंचं.

अनसूयाबाई पन्नाशीच्या, अंगावर विधवेचं लाल आलवण, आवाज खणखणीत. यजमान जाऊन वीस वर्षं झाली होती आणि मागची खोली भाड्याने देऊन त्या एकट्या राहत. त्यांचं सोवळं लोणावळ्यात प्रसिद्ध होतं. वाळत घातलेल्या लुगड्याला कुणाचं बोट लागलं तर ते पुन्हा विहिरीवर जाई. अशा बाई कुत्र्याला हो म्हणतील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण आधीचा भाडेकरू भाडं बुडवून पळाला होता आणि रेल्वेचा पगारदार माणूस त्यांना हवा होता. त्यांनी तांबूकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"साखळी आहे ना? मग ऐका. तो या पडवीतच राहील. खोलीत नाही. तुमच्या भिंतीला लागून माझं देवघर आहे. साखळीचं टोक खांबाला पक्कं ठोकून घ्यायचं. आणि एकदा जरी सुटा दिसला, तर त्याच दिवशी बोचकं उचलायचं. कबूल?"

"व्हय बाई, कबूल," मुक्ताबाई म्हणाली. तिने एवढ्या घाईने म्हटलं की महिपतीला तोंड उघडायलाही जमलं नाही.

खांब पडवीच्या कडेला होता आणि अनसूयाबाईंच्या स्वयंपाकघराचं दार भिंतीत. बाईंनी स्वतः उभं राहून मापं घेतली. तांबूने कितीही ताण दिला तरी त्याचं नाक त्यांच्या उंबरठ्यापासून हातभर दूर राहिलं पाहिजे! भिमाजीने माझ्या तीन कड्या काढल्या आणि मोठी कडी खांबाच्या कोयंड्यात घालून तिचं तोंड ठोकून बंद केलं. आता मला सोडवायचं तर कुत्र्याच्या गळ्यापाशीच, आकडा काढून.

मित्रांनो, त्या दिवसापासून तीन जिवांचं छप्पर माझ्या जोरावर उभं राहिलं. महिपती मला तेल लावी, मुक्ताबाई आकडा रोज हलवून बघे. अनसूयाबाईसुद्धा एकदा शेजारणीला म्हणाल्या, "साखळी बाकी चांगली आहे हो." माझी मान ताठ झाली. तांबूची मान मात्र पट्ट्याने सोलवटली होती, आणि तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही, हे आज कबूल करते.

आषाढात धुकं उतरलं. लोणावळ्याचं धुकं एकदा बसलं की भर दुपारी विहीर दिसेनाशी होते. त्याच सुमारास डोंगरातून बिबट्या खाली यायला लागला. पहिल्यांदा फाटकवाल्याची शेळी गेली. मग एका घरचं राखणीचं कुत्रं गेलं आणि दारात नुसता तुटका दोर राहिला. ते ऐकून मुक्ताबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. तो दोर होता, तुटला तरी. मी तुटणारी नव्हते.

महिपती हात जोडून बाईंपुढे उभा राहिला. "बाई, येवडा पावसाळा त्याला खोलीत घिऊ का? ह्यो बांदल्याला हाय. पळताबी येयाचं न्हाई त्याला."

"देवघराला लागून कुत्रा? शब्द दिलाय तुम्ही," बाई म्हणाल्या. मग बाहेरच्या धुक्याकडे बघून त्यांनी पुढे जोडलं, "बांबूची ताटी लावा हवं तर."

महिपतीने ताटी विणली. रात्री ती पडवीला लागे आणि सकाळी निघे. दिवसा धुकं दाटलं की मुक्ताबाई हातातलं काम टाकून तांबूजवळ येऊन बसे. श्रावण अर्धा होईपर्यंत असंच चाललं. तांबू वाऱ्याच्या दिशेला तोंड करून गुरगुरला की माझ्या कडीकडीत ती थरथर उतरायची.

एका श्रावणी सोमवारी महिपती भाकरी न्यायला विसरला. संध्याकाळपर्यंत त्याची सुटका नव्हती. दुपार कलली तेव्हा धुकं जरा विरळ होतं, म्हणून मुक्ताबाई भाकरी बांधून स्टेशनावर निघाली. जाताना तिने बाईंना हाक मारून सांगितलं, "आत्ता येते, बाई." आत अनसूयाबाईंचा दिवसभराचा उपास होता. सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक चालला होता आणि वरणभाताचा वास पडवीत येत होता.

ती फाटक ओलांडते न ओलांडते तोच धुकं पुन्हा दाटलं. तांबू एकाएकी उठला. भुंकला नाही. शेपूट पोटाखाली घेऊन तो मागे सरकला आणि भिंतीच्या दिशेने मला ताणू लागला. विहिरीजवळच्या दगडी गडग्यावर काहीतरी पिवळसर हललं. मग तिथे दोन डोळे दिसले.

तांबू ओरडला तो असा की तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अनसूयाबाई दारात आल्या. त्यांनी आधी तांबूकडे बघितलं, मग गडग्याकडे, आणि हातातली पळी फेकून मारली. बिबट्याने नुसतं डोकं वळवलं. त्यांनी ताट घेऊन उंबरठ्यावर बडव बडव बडवलं. "अहो, धावा! कोणी आहे का?" बिबट्या गडग्यावरून खाली उतरला आणि पोट जमिनीला टेकवून पुढे आला.

तांबू बाईंच्या दाराकडे सगळा जीव लावून ओढत होता आणि मी त्याला त्यांच्या मापाप्रमाणे हातभर अलीकडे धरून ठेवलं होतं. तुट, तुट, असं मी स्वतःला म्हणत होते. पण मला तुटता येत नव्हतं. भिमाजीने चांगलं काम केलं होतं.

बाई उंबरठ्याबाहेर आल्या. आकड्यावर त्यांची बोटं पडली, पण ताणलेला आकडा निघत नसतो, मित्रांनो. साखळी सैल पडली तरच तो निघतो. आणि साखळी सैल करायची तर तांबूला मागे, खांबाकडे, म्हणजे त्या बिबट्याच्याच दिशेला ढकलायला हवं होतं. बाई क्षणभर थबकल्या. मग त्या मटकन गुडघ्यांवर बसल्या, चिखलाने भरलेला तो कुत्रा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्याच्यासकट खांबाकडे सरकल्या. वीतभर, आणखी वीतभर. माझ्यातला ताण गेला. आकडा निघाला. तांबू त्यांच्या खांद्यावरून आत गेला, मागोमाग बाई आत पडल्या आणि दार धाडकन लागलं.

बिबट्या पडवीत चढला. त्याने मला हुंगलं, माझ्यावर पंजा ठेवला. त्याचा गरम श्वास माझ्या आकड्यावर आला. मी तेवढी खळकन वाजले. एवढ्यात ताटाचा आवाज ऐकून फाटकाकडची माणसं काठ्या घेऊन ओरडत येऊ लागली आणि तो धुक्यात नाहीसा झाला.

माणसांच्या मागोमाग मुक्ताबाई धावत आली. चिखलात पंजे उमटलेले आणि आकडा रिकामा. तिने मला दोन्ही मुठींत धरलं आणि ती जमिनीवर बसली. तेवढ्यात बंद दाराआड तांबू भुंकला.

तिचा चेहरा उजळला आणि लगेच काळा ठिक्कर पडला. तांबू सुटा होता, आणि होता तो सोवळ्याच्या घरात! ती दाराशी गेली. "बाई, चुकलं. आमी आत्ता बोचकं उचलतो. पन त्याला मारू नगा, पाया पडते तुमच्या."

दार उघडलं. अनसूयाबाईंचं आलवण चिखलाने आणि तांबड्या केसांनी भरलं होतं. "मारतेय कशाला? मीच आणलाय त्याला आत," त्या म्हणाल्या. "भाताचं भांडं उपडं केलंन तुझ्या लाडक्यानं. उपास माझा आणि पारणं त्याचं." त्या हसायला गेल्या, पण हसू अर्धंच आलं. मग त्या तिथेच उंबरठ्यावर बसल्या. "मुक्ता, मला पुन्हा आंघोळ करायला हवी. दोन बादल्या पाणी काढून दे. आज माझ्याने ओढवायचं नाही."

मुक्ताबाई जागची हलेना. "मी काडलेलं पानी चालंल तुमास्नी?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. आत तांबू भात चाटत होता, त्याचा आवाज येत होता. "चालेल," त्या म्हणाल्या. "आणि त्याला आजपासून खोलीत घे. देवघराचं मी बघेन."

त्यानंतर मला काम उरलं नाही. तांबू आणखी नऊ वर्षं जगला, त्यातली सात त्याच खोलीत. पुढे महिपतीला रेल्वेची खोली मिळाली आणि ते सगळे गेले. मी खांबाला पक्की ठोकलेली, म्हणून राहिले. माझं तेल बंद झालं. अनसूयाबाई थकल्या, पण खोली भाड्याने देत राहिल्या. आमचा कुत्रा आहे हो, असं कुणी दबकत सांगितलं की त्या विचारत, "तो कुठे निजणार ते आधी सांगा. मग तुमचं बघू."

मला आता कुणी तेल लावावं, अशी माझी मागणी नाही. गंजायचं वय झालं. एवढंच मागते, मित्रांनो. एखाद्या जिवाला बांधायची वेळ आलीच, तर बांधून निघून जाऊ नका. जवळ बसा. आम्हाला धरून ठेवणं तेवढं येतं. सोडायला माणूस लागतो.